चंचल मूल, ओली गादी आणि मेंदूचा आलेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इईजी काढणं हे माझं काम. पुण्यातल्या एका दवाखान्यात चौदा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, मुलांच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख उमटवणारी तंत्रज्ञ आहे. मुलं मला 'तारावाली मावशी' म्हणतात. आलेखाचा अर्थ मेंदूविकारतज्ज्ञ लावतात. पण तारा लावायला अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात आईबाबांच्या समोर मीच असते. पहिला प्रश्न ठरलेला: "याचं अभ्यासात लक्ष लागत नाही, मेंदूत काही आहे का?" दुसरा येतो निघताना, चपला घालता घालता, मूल बाहेर गेलंय याची खात्री करून: "ताई, हा अजून गादी ओली करतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?"

संबंध थोडा आहे. पण तो आमच्या मशीनवर दिसत नाही, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. तेव्हा गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न आणि डॉक्टरांकडून, वाचनातून, अनुभवातून मला मिळालेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

इईजी काढला की एडीएचडी आहे का ते कळेल?

नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलतेचा विकार, आणि त्याचं निदान माणसांशी बोलून होतं. लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ अशी लक्षणांची यादी असते. दोन्हींपैकी एका गटातली निदान सहा लक्षणं, सहा महिन्यांहून जास्त काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधीची हवी. म्हणून डॉक्टर शाळेच्या बाईंकडून फॉर्म भरून आणायला सांगतात. तो फॉर्म आणायला आईबाबा महिनाभर टाळाटाळ करतात आणि आलेख काढायला मात्र दुसऱ्या दिवशी हजर होतात. खरं तर निदानाच्या दृष्टीने त्या दोन पानांना माझ्या एकवीस तारांपेक्षा जास्त किंमत आहे.

घरी वांड आणि शाळेत शहाणा, किंवा उलटं, असं असेल तर डॉक्टर आधी दुसरी कारणं शोधतात: कमी झोप, ऐकू कमी येणं, चष्म्याचा नंबर, वाचन-लेखनातली अडचण, घरातली भांडणं.

मग डॉक्टरांनी इईजी सांगितला तो कशाला?

फिटची शंका दूर करायला. काही मुलं वर्गात मधेच पाच-दहा सेकंद थिजतात. डोळे उघडे, नजर शून्यात, हाक मारली तर उत्तर नाही, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात पुढे सुरू. बाईंना वाटतं तंद्री लागली. ही 'अ‍ॅब्सेन्स' प्रकारची फिट असू शकते, आणि ती इईजीत अगदी स्वच्छ दिसते: एका सेकंदाला तीन अशा टोकदार लहरींची रांग, दोन्ही बाजूंना एकदम. ती बाहेर काढायची युक्तीही सोपी आहे. मुलाला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायचं. मी हातात भिरभिरं देते आणि थांबू देत नाही. एकदा सात वर्षांची एक मुलगी फुंकता फुंकता थांबली, भिरभिरं हातातच राहिलं, पापण्या हलक्या फडफडल्या. पडद्यावर ती रांग उमटली आणि आठ सेकंदांनी तिने परत फुंकायला सुरुवात केली. वर्षभर ती घरी 'लक्ष नसतं' म्हणून बोलणी खात होती.

दुसरं कारण गादीशी जोडलेलं आहे. रात्री झोपेत फिट येऊनही शू होते. अशा वेळी सकाळी जीभ किंवा गालाचा आतला भाग चावलेला दिसतो, उशीवर रक्ताचा किंवा लाळेचा डाग असतो, मूल उठल्यावर गोंधळलेलं असतं, अंग दुखतं म्हणतं. असं काही असेल तर न विसरता सांगा. फक्त गादी ओली होते, बाकी काही नाही, तर इईजीची सहसा गरज नसते.

एक सावधगिरीही सांगते. कधीच फिट न आलेल्या निरोगी मुलांपैकीही शंभरात दोन-चार जणांच्या आलेखात टोकदार लहरी सापडतात. कागदावरच्या त्या एका ओळीवरून फिटचं औषध सुरू करायचं की नाही, हे मूल समोर बसवून डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

इईजीत नेमकं दिसतं तरी काय?

मेंदूच्या वरच्या थरातल्या लाखो पेशी एका तालात काम करतात तेव्हा कवटीबाहेर वीज झिरपते, अगदी थोडी, मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतकी. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये ती माणसात पहिल्यांदा टिपली आणि १९२९ मध्ये जगापुढे मांडली. सुरुवातीच्या काळात त्यांनी ज्यांच्या डोक्यावर प्रयोग केले त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा क्लाउसही होता. म्हणजे आपल्या लेकराच्या डोक्याला तारा लावून काळजीने आलेखाकडे पाहणारा पहिला बाप तोच म्हणायचा.

जाग्या माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा डुलणाऱ्या लहरी येतात, त्या अल्फा. त्याहून वेगवान त्या बीटा. ४ ते ८ च्या थीटा, आणि त्याहून सावकाश त्या डेल्टा. लहान मुलांत सावकाश लहरी जास्तच असतात. वय वाढतं तसा ताल वेगवान होत जातो. झोप येऊ लागली की थीटा वाढतात. हे शेवटचं वाक्य पुढच्या उत्तरात लागणार आहे.

एका ठिकाणी रंगीत 'ब्रेन मॅपिंग' करून मिळतं म्हणे. त्यात एडीएचडी दिसतो?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ही रंगीत पानं घेऊन येणारे आईबाबा मला दर आठवड्याला भेटतात.

ब्रेन मॅपिंग म्हणजे इईजीच. फरक इतकाच की लहरींची बेरीज-वजाबाकी संगणक करतो आणि डोक्याच्या चित्रात लाल-पिवळा-निळा रंग भरतो. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांच्या कपाळामागच्या भागात थीटा जास्त आणि बीटा कमी असतात, असं जुन्या अभ्यासांत दिसलं होतं. त्यावरून थीटा-बीटा गुणोत्तर ही कल्पना आली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये अशा एका यंत्राला ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली, पण तीही डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून, एकट्याने निदान करायला नव्हे. त्याच सुमाराला अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फरक आधी वाटला होता तेवढा उरला नाही. नव्या अभ्यासांत एडीएचडी नसलेल्या मुलांचंही गुणोत्तर वाढलेलं निघालं. २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने सांगितलं की संशोधनाबाहेर एडीएचडी ठरवायला हे गुणोत्तर वापरू नये.

आता माझ्या खुर्चीतली गोष्ट. एक मुलगा पहाटे साडेचारला उठून एसटीने आला होता. नऊला माझ्यासमोर बसला तेव्हा डोळे मिटत होते. थीटाच थीटा. मी त्याला उठवून दोन जिने चढून-उतरून यायला लावलं, बिस्किट दिलं, आणि पुन्हा आलेख घेतला. थीटा निम्म्यावर. त्या पहिल्या दहा मिनिटांचा रंगीत नकाशा काढला असता तर कपाळ लालभडक आलं असतं, आणि त्या लाल रंगाचं कारण एडीएचडी नसून स्वारगेटची पहिली गाडी असतं. शिवाय डोळ्यांची उघडझाप आणि कपाळाच्या आठ्यांचीही वीज त्याच तारांत शिरते. चंचल मुलाच्या आलेखात हा कचरा किती असतो ते विचारू नका.

पैसे खर्च झाले असतील तर झाले. ते पान फाईलला राहू द्या. पण त्यावरून औषध सुरू करू नका आणि बंदही करू नका.

एमआरआयमध्ये तरी दिसेल ना?

एकेका मुलाच्या एमआरआयमध्ये नाही. शेकडो मुलांची सरासरी काढली की दिसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूची वाढ वर्षानुवर्षं मोजली आणि तितक्याच इतर मुलांशी ताडून पाहिली. मेंदूची बाहेरची साल बालपणात जाड होत जाते, एका टप्प्याला पोहोचते आणि मग पातळ होऊ लागते. इतर मुलांत सालीचा निम्मा भाग साधारण साडेसाताव्या वर्षी या टप्प्याला पोहोचला होता, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या. सगळ्यांत जास्त उशीर कपाळामागच्या भागाला, म्हणजे थांबणं, आवरणं, ठरवणं ही कामं करणाऱ्या भागाला. हालचाल घडवणारा भाग मात्र उलट किंचित लवकर तयार झाला होता. इंजिन आधी आणि ब्रेक नंतर, असं मी आयांना सांगते.

२०१७ मध्ये १,७१३ एडीएचडी असलेल्या आणि १,५२९ नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र तपासले गेले. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या काही भागांचा आकार एडीएचडी असलेल्यांत सरासरीने थोडा लहान निघाला, मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त. पण फरक इतका बारीक की एका मुलाचा फोटो पाहून "याला आहे" म्हणता येणार नाही.

मग मेंदूत नक्की वेगळं काय चालतं?

आपण काही करत नसतो तेव्हा मेंदू गप्प नसतो. मनात विचार भटकत असतात, त्यासाठी मेंदूचं एक वेगळं जाळं चालू असतं. कामाला लागलो की ते मंदावतं आणि कामाचं जाळं पुढे येतं. एडीएचडीत ही अदलाबदल नीट होत नाही, भटकणारं जाळं कामाच्या मधे डोकावत राहतं, असं एक चांगलं मान्य होत आलेलं म्हणणं आहे. त्याच्या जोडीला डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन या दोन रसायनांचं काम. म्हणूनच "मोबाइलवर तासन्‌तास बसतो, अभ्यासाला पाच मिनिटं नाही" ही तक्रार एडीएचडीच्या विरोधातला पुरावा ठरत नाही. मोबाइल दर काही सेकंदांनी बक्षीस देतो, पाढे देत नाहीत.

अंथरुणात शू होण्याचा मेंदूशी काय संबंध? तो तर मूत्राशयाचा प्रश्न ना?

दोन्हींचा. मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात, लघवी सोडण्याचं एक केंद्र आहे. बॅरिंग्टन या शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांजरांवर प्रयोग करून ते शोधलं, म्हणून त्याला बॅरिंग्टनचं केंद्र म्हणतात. मूत्राशय भरत आलं की खबर वर जाते. जागेपणी कपाळामागचा भाग म्हणतो, "थांब, मधली सुट्टी होऊ दे." झोपेत दोनच मार्ग असतात: थोपवून धरायचं किंवा जागं व्हायचं. गादी ओली करणाऱ्या मुलात तीन गोष्टी कमीअधिक प्रमाणात एकत्र येतात. रात्री लघवी जास्त तयार होते, मूत्राशय कमी साठवतं किंवा वेळेआधी आकुंचन पावतं, आणि भरल्याची खबर मुलाला उठवू शकत नाही.

पहिल्या गोष्टीमागे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक आहे. एरवी रात्री ते वाढतं आणि लघवी कमी बनते. काही मुलांत ते रात्रीही वाढत नाही, हे डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं. मूत्राशयात किती मावायला हवं याचा अंदाज घरीही करता येतो: वयात एक मिळवा आणि तीसने गुणा. सात वर्षांच्या मुलासाठी २४० मिली. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या नव्हे, वेगळ्या मोजपात्रात दोन-तीनदा मोजून पाहा.

ढोल वाजवला तरी उठत नाही. झोप फार गाढ आहे म्हणून होतं का?

प्रत्येक आईचं म्हणणं हेच, आणि ते खोटंही नाही. उठवायला ही मुलं अवघड असतातच. पण झोपेतला इईजी काढला की गंमत दिसते. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवलं की खूप त्रास असलेल्या मुलांचा मेंदू रात्रभर पुन्हा पुन्हा अर्धवट चाळवला जातो. त्यांची झोप उलट हलकी आणि तुटक असते, आणि तरीही ती पूर्ण जागी होत नाहीत. मूत्राशय सतत दार वाजवत राहतं आणि मेंदूला त्या आवाजाची सवय होते. रेल्वे रुळांजवळ राहणाऱ्या माणसाला गाडीचा आवाज ऐकू येईनासा होतो, तसं.

याचा अर्थ असा की ते मूल सकाळी ताजंतवानं उठत नाही. आणि अपुऱ्या झोपेचं मूल दिवसा जांभया देण्याऐवजी जास्तच उड्या मारतं.

म्हणजे दोन्ही एकाच मुलात असणं हा योगायोग नाही?

नाही. एका अमेरिकन अभ्यासात एडीएचडी असलेल्या सहा वर्षांच्या मुलांत रात्री गादी ओली होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ पावणेतीनपट निघाली. याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत.

मला सगळ्यांत पटणारं कारण मेंदूच्या देठातलं. बॅरिंग्टनच्या केंद्राला अगदी खेटून लोकस सेरुलियस नावाचा ठिपका आहे. नॉरअ‍ॅड्रेनालिन मुख्यतः तिथून येतं, आणि जागं होणं, सावध होणं, लक्ष वळवणं ही त्याची कामं. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना लघवीचं केंद्र आणि लक्षाचं केंद्र! लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात एक साधी चाचणी केली. अचानक मोठा आवाज झाला की आपण दचकतो, पण त्याच्या क्षणभर आधी बारीक आवाज केला तर मेंदू सावरतो आणि दचकणं कमी होतं. गादी ओली करणाऱ्या मुलग्यांत हे सावरणं कमी पडलं, आणि सोबत एडीएचडी असेल तर त्याहून कमी. देठातला ब्रेक अजून पुरता तयार नाही, असा त्याचा अर्थ लावतात.

बाकी कारणं रोजच्या जगण्यातली. खेळात गुंग मूल लघवी दाबून ठेवतं, शौचाला बसायला त्याला धीर नसतो म्हणून बद्धकोष्ठ होतो, झोपण्याआधी जाऊन यायचं विसरतं.

पण गादी ओली करणाऱ्या बहुतेक मुलांना एडीएचडी नसतो, आणि एडीएचडी असलेल्या बहुतेकांची गादी कोरडी असते. एकावरून दुसरं गृहीत धरू नका, फक्त विचारायला विसरू नका.

कितव्या वर्षापर्यंत वाट पाहायची?

पाच वर्षांआधी याला आजार म्हणतच नाहीत. सात वर्षांच्या दर दहा मुलांत साधारण एक, दहा वर्षांच्या वीस मुलांत एक. मुलग्यांत प्रमाण दुप्पट. दरवर्षी साधारण पंधरा टक्के मुलांचं आपोआप थांबतं. आईबाबांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७ टक्के. हा आकडा सांगितला की बरेच बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागतात. त्यांनी मुलाला एकदा सांगून टाकावं. त्याचा जो उपयोग होतो तो गोळीनेही होत नाही.

सहा-सात वर्षांनंतर मुलाला स्वतःला लाज वाटू लागली, मामाकडे राहायला नको म्हणू लागलं, सहलीच्या आदल्या दिवशी पोटात दुखू लागलं, की थांबू नका.

मुद्दाम करतो का? रागावलं तर थांबेल?

झोपलेलं मूल मुद्दाम काही करू शकत नाही. रागावलं, मारलं, शेजारच्यांसमोर गोधडी वाळत घालून "बघा काय केलंय" म्हटलं, तर फक्त वाढतं.

घरी काय करता येईल?

पाणी तोडू नका, पाण्याची वेळ बदला. दिवसाचं बहुतेक पाणी सकाळी आणि दुपारी, संध्याकाळनंतर थोडं. अनेक मुलं, विशेषतः मुली, शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी येऊन दोन तांबे रिचवतात. मग रात्री काय होणार? शाळेत बोला. चहा आणि कोला संध्याकाळी बंद. दिवसा दर दोन-तीन तासांनी लघवीला, आणि झोपण्याआधी एकदा.

पोट साफ होतं का ते पाहा. भरलेलं आतडं मूत्राशयाला मागून दाबतं. नुसता बद्धकोष्ठ बरा करून गादी कोरडी झालेली मुलं मी पाहिली आहेत. तोंड उघडं ठेवून घोरणारं मूल असेल तर नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडमुळे झोपेत श्वास अडतो, आणि त्याने गादीही ओली होते आणि दिवसा लक्षही लागत नाही.

रात्री बाराला उचलून नेलं तर गादी वाचते, पण झोपेतच केलेल्या लघवीतून मेंदू काही शिकत नाही. आणि तीळगूळ? आमच्या आजीचाही तोच उपाय. खुशाल द्या, लोह आणि कॅल्शियम मिळेल. शू थांबेल असा पुरावा मात्र नाही.

तो घंटीचा अलार्म खरंच चालतो?

चालतो. चड्डीला किंवा चादरीखाली ओल ओळखणारी पट्टी लावायची, थेंब पडला की घंटी वाजते. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या डॉक्टरांनी हे यंत्र केलं ते नर्सना चादर बदलायची वेळ कळावी म्हणून, आणि मुलं त्यानेच बरी होऊ लागली. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मॉवरर दांपत्याने त्यावर रीतसर उपचार बसवला. साधारण दोन तृतीयांश मुलांना गुण येतो.

अडचण अशी की पहिले काही आठवडे घंटीने सगळं घर उठतं, फक्त मूल सोडून. तुम्हीच उठून त्याला पूर्ण जागं करायचं, चालवत न्यायचं. दोन-तीन महिने नेटाने करावं लागतं. एडीएचडी असलेल्या मुलाच्या घरी हा नेट टिकत नाही, म्हणून तिथे यश कमी मिळतं. लक्ष लागण्याचे उपचार आधी किंवा बरोबरीने सुरू केले तर जमतं. वन बीएचकेमध्ये सगळे एकाच खोलीत झोपत असतील तर सुट्टीत सुरू करा.

गोळी मिळते ना?

डेस्मोप्रेसिन. व्हॅसोप्रेसिनचंच बनवलेलं रूप, रात्रीची लघवी कमी करतं. घेतली त्या रात्री काम करते, बंद केली की बऱ्याच जणांना पुन्हा सुरू होतं. गणपतीला गावी जायचं आहे, शिबिर आहे, लग्नघर आहे, अशा वेळी वरदान. पण नियम कडक: गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळजवळ नाही. भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते. याच कारणाने अमेरिकेत २००७ मध्ये तिचा नाकातला फवारा या त्रासासाठी बंद केला गेला. म्हणून पहिल्यांदा प्रवासात नव्हे, घरी देऊन पाहा. जुनी इमिप्रामिनची गोळी काही ठिकाणी अजून देतात. ती जास्त झाली तर हृदयाला धोका असतो, कपाटाला कुलूप हवंच.

एडीएचडीच्या औषधाची सवय लागते का?

डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत सवय लागत नाही. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं नेहमीचं औषध आपल्याकडे शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या यादीत येतं, म्हणजे दुकानदार चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो. ते पाहून लोक घाबरतात. नियम कडक आहे कारण दुरुपयोग होऊ शकतो, तुमचं मूल व्यसनी होणार म्हणून नव्हे. भूक कमी होणं आणि झोप लांबणं हे नेहमीचे त्रास. म्हणून डॉक्टर दर वेळी उंची-वजन घेतात.

या औषधांचा शोधही एका अपघाताने लागला. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे फोटो काढायला त्या काळची एक त्रासदायक तपासणी करत. तिच्यामुळे डोकं दुखायचं म्हणून त्यांनी मुलांना बेन्झेड्रिन हे मेंदूला उत्तेजन देणारं औषध दिलं. डोकेदुखीचं फार काही झालं नाही, पण मुलं अचानक अभ्यास करू लागली. मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हटलं.

अ‍ॅटोमोक्सेटिन हे दुसरं औषध नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढवतं, आणि काही मुलांची गादीही त्याने कोरडी होऊ लागते. फक्त शू साठी मात्र ते देत नाहीत.

एडीएचडीसाठी न्यूरोफीडबॅक करावं का?

मुलाने पडद्यावरचं विमान मेंदूच्या लहरींनी उडवायचं, असा तो खेळ. आईबाबांना फरक वाटतो. पण मूल्यमापन करणाऱ्याला कोणाला खरी थेरपी दिली हे माहीत नसतं तेव्हा तो फरक जवळजवळ उरत नाही. नुकसान नाही, पण त्या पैशांत अलार्म आणि चांगल्या समुपदेशकाच्या कितीतरी भेटी होतात.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर. खूप तहान, खूप लघवी आणि वजन उतरणं हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा, टाइप १ मधुमेह असाही समोर येतो. लघवीला जळजळ, ताप, बारीक धार, दिवसाही चड्डी ओली, पाय अशक्त किंवा चालीत बदल, किंवा वर सांगितलेली जीभ चावण्याची खूण. आणि वागणं एकदम बदललं, कुणा माणसाला मूल घाबरू लागलं, तर त्याला शांतपणे विचारा.

इईजीच्या दिवशी काय तयारी करायची?

आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा आणि तेल लावू नका. तेलकट डोक्यावर पेस्ट टिकत नाही आणि मला दुप्पट वेळ लागतो. शॉक बसत नाही, तारांतून वीज आत जात नाही, बाहेरची फक्त मोजली जाते. झोपेतला आलेख हवा असेल तर रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि वाटेत गाडीत झोपू देऊ नका. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. उपाशी आणू नका. आवडीचं पांघरूण आणलंत तर उत्तम.

आणि मोठ्या मुलाच्या पिशवीतही एक जास्तीची चड्डी आणि पँट टाका. माझ्या पलंगावर चादरीखाली मेणकापड असतं. झोपेत झालीच तर मी तारा काढते, बाबांना बाहेर चहाला पाठवते, आणि चादर बदलते.